मागचीला हाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. तू घ्यायची नाहीस आणि मला द्यायची सवय राहिलेली नाही. पत्ता मामाकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. म्हातारा द्यायला तयार नव्हता, मी त्याच्या दारातून उठेचना तेव्हा दिला. अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय.

कामाचं तेवढं सांगते. तुझी काळी सायकल मी बाहेर काढलीय. चौदा वर्षं जिन्याखाली होती. कुलूप कापावं लागलं, किल्ली तुझ्याकडे. टायर, ट्यूब नवीन टाकले. बाकी सगळं तुझंच आहे, घंटीसुद्धा.

गुडघे धरलेत माझे. दवाखान्याच्या लाँड्रीत दिवसभर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या आणि तसंच चालत घरी यायचं. डॉक्टर म्हणाला, "चालणं कमी करा, सायकल चालवा." म्हटलं, "ह्या वयात?" तर म्हणतो, "मग कोणत्या वयात?" फार शहाणा आहे.

सायकल वापरायला हरकत असेल तर कळव. त्या दिवशीचं उकरून काढायला हे पत्र नाही. त्यात बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही.

थोरली


१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

उत्तर नाही. म्हणजे हरकत नाही, असं मी धरलंय.

एकदा शिकलेली सायकल विसरत नाही म्हणतात, ते खोटं आहे. माझ्या अंगाला फक्त पडायचं आठवत होतं. पहिले दोन दिवस भिंत धरून नुसती बसले. मग लाँड्रीतल्या एकीनं सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्सचा जुना ड्रायव्हर निवृत्त झालाय, तो बुधवारी आणि रविवारी सकाळी मोठ्या माणसांना सायकल शिकवतो. ज्यांची सुटलीय त्यांची पुन्हा धरवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. म्हटलं, फुकट शिकवतो म्हणजे ह्याचा काहीतरी डाव असणार. अजून सापडला नाही, पण मी लक्ष ठेवून आहे.

आम्ही चौघं आहोत. सगळ्यात पुढे मास्तर. त्याच्यामागे बेकरीवाला, तो पोट कमी करायला येतो आणि येताना पाव घेऊन येतो. मग मी. माझ्यामागे शिंपीणबाई. मी पिशवी असो की रुमाल, हाताला लागलं की चार घड्या घालते, म्हणून बेकरीवाल्यानं माझं नाव घडीबाई पाडलंय. काल चढावर म्हणतो, "घडीबाई, ह्या रस्त्याचीपण घडी घाला की, लवकर संपेल." मी म्हटलं, "आधी तुमच्या पोटाची घालते." सगळे हसले. मला नाही हसू आलं, चढ होता.

मास्तरचा एकच नियम आहे. एकामागे एक चालवायचं आणि हाक द्यायची. पुढच्याला खड्डा दिसला की "खड्डा!" ओरडायचं. ऐकलं की मागच्यासाठी तेच पुन्हा ओरडायचं. असं शेवटच्यापर्यंत. मास्तर म्हणतो, "हाक गिळायची नाही. ज्यानं गिळली, त्यानं मागच्याचं हाड मोडलं समजा." तीस वर्षं मोडलेलीच माणसं वाहिलीत त्यानं, त्याला हाडंच दिसतात सगळीकडे.

ही शिंपीणबाई मात्र मला पटत नाही. बाजाराच्या टोकाला दुकान आहे तिचं, एकटी राहते. बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नाही. माझ्या कानाकडे बघते. सरळ माणूस असं बघतं का? आणि हिला नेहमी माझ्याच मागे राहायचं असतं. परवा मी मुद्दाम मागे राहिले, तर बाई पाय टेकून थांबली. म्हणते, "तुम्ही व्हा ना पुढे. तुमची चाल बरी पडते."

चाल म्हणे. मी काय घोडा आहे?

थोरली


२ मार्च, सोमवार

धाकटे,

आता सरळच विचारते. ही बाई तू पाठवलीस का?

रागानं नाही विचारत. गेल्या आठवड्यात पाणी प्यायला थांबलो होतो. मी नळावरून परत आले तर ही माझ्या सायकलजवळ उभी. कॅरियरवरून बोटं फिरवत होती. नंतर सीटखाली हात घातला. मी मागून विचारलं, "काय हरवलंय?" दचकली. म्हणाली, "जुन्या बांधणीची आहे हो. दणकट. कुणाची?"

"तुमची का?" असं नाही विचारलं. कुणाची, असं विचारलं.

मी म्हटलं, "बहिणीची." तर कानाकडे बघत म्हणाली, "येतात का त्या इकडे?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" 

आणि काल सायकल पुसताना बघते तर कॅरियरच्या मागच्या दांडीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली. बोटभर रुंद, कडा दुमडून शिवलेली, पक्की गाठ. असं शिवणारं आमच्यात कोण आहे? खूण केलीय ना? कुणाला दाखवायला? उद्या तुझं माणूस येणार, पट्टी बघणार आणि सायकल घेऊन जाणार. न्यायची असेल तर तू ये आणि ने. लपूनछपून कशाला?

मला लपूनछपून केलेलं सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. एक मात्र तुला माहीत नसेल, म्हणून आज सांगते. आईच्या पेटीच्या कडीला दोरा मी बांधला होता. रोज सकाळी कामावर जाताना बांधायची. तू दुपारी यायचीस, दार लावून आईजवळ बसायचीस आणि जाताना कॅरियरवर फुगलेली पिशवी असायची. तीन दिवस दोरा तुटलेला मिळाला. चौथ्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. जिन्याखाली बसून राहिले. एवढ्यावरून कुणीही संशय घेतला असता.

पट्टी मी अजून सोडलेली नाही. बघते कोण येतं ते.

थोरली


११ मार्च, बुधवार

धाकटे,

तुझं कार्ड आलं. चौदा वर्षांनी दोन ओळी. "मी कुणालाही पाठवलेलं नाही. मागचा ब्रेक तेव्हाच ढिला होता, बघून घे."

चार वेळा वाचलं. उजेडात धरूनही बघितलं. ब्रेकचंच का लिहिलंस? म्हणजे मी पडावं असं वाटतंय की पडू नये असं? आणि पाठवलेलं नाही, असं तर पाठवणारा कुणीही म्हणेल.

मामा म्हणतो, "अगं, तिनं लिहिलं हेच खूप आहे." त्याला काय कळतं.

त्या दिवशी तुला एकच सांगितलं होतं, पिशवी उघड. उघडली असतीस तर विषय संपला असता. पण तू आईकडे बघितलंस, आईनं मान हलवली, आणि तू पिशवी छातीशी धरून उभी राहिलीस. मी काय समजायचं? सायकलचं हँडल मी धरलं होतं, सोडलं नाही. तू पिशवी घेऊन चालत गेलीस. पार वळणापर्यंत मागे बघितलं नाहीस.

एवढंच त्या दिवशीचं. बाकी काही नाही.

शिंपीणबाईची परीक्षा घ्यायचं ठरवलंय मी. ती रस्ता बघते की माझी सायकल, ते कळेल.

थोरली


१५ मार्च, रविवार

धाकटे,

आज शिंपीणबाई पडली. पाइपवाल्यांनी रस्ता खणून ठेवलाय, त्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. गळ्याजवळचं हाड मोडलंय. मास्तरनं रुमालांची झोळी करून हात बांधला आणि दवाखान्यात नेलं.

हाक मी दिली होती.

ब्रेकचं अजून बघितलेलं नाही.

थोरली


२१ मार्च, शनिवार

धाकटे,

मागच्या पत्रात हाक दिली होती असं लिहिलंय. दिली नव्हती.

निघायच्या आधी मी ती पट्टी सोडली आणि खिशात टाकली. म्हटलं, खूण गेल्यावर बाईचं काय होतं ते बघू. बाई सुरुवातीपासून गडबडलेली. दोनदा विचारलं, "घडीबाई, पुढेच आहात ना?" मी उत्तर दिलं नाही. मग बेकरीवाला ओरडला, "खड्डा, डावीकडे!" मी उजवीकडून गेले आणि तोंड बंद ठेवलं. मला वाटलं, रस्त्याकडे बघत असेल तर वाचेल आणि माझ्याकडेच बघत असेल तर सापडेल. पडेल असं वाटलं नव्हतं. वाटलं असेल थोडं. मग आवाज आला.

मास्तरनं मला नाही, तिला विचारलं, "हाक आली होती का?" ती खाली बसलेली, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "आली होती. माझंच लक्ष नव्हतं."

आता सांग, ही माझ्यासाठी खोटं का बोलली? पाच दिवस मी तेवढाच विचार केला. कुणी फुकट खोटं बोलत नाही. हिला माझ्याकडून काहीतरी हवंय. काल कामावरून सुटले ती तडक तिच्या दुकानात गेले. म्हटलं, काय हवंय ते विचारून मोकळी होते.

दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे, दोरीवर पिना लावलेले अर्धवट कपडे. ही स्टुलावर, हात गळ्यात बांधलेला. मी दारात उभी राहिले, चप्पल काढली नाही, बोललेही नाही.

"या, काय शिवायचंय?" ती म्हणाली.

मी समोर उभी, धाकटे, चार हातांवर. दिवसाउजेडी.

म्हटलं, "मी आहे."

"अगं बाई, घडीबाई! बसा ना."

मी बसले. टेबलावर कापडाची उशी होती, तिच्यात तीसेक सुया टोचलेल्या. प्रत्येकीत दोरा ओवून ठेवलेला. काळे एका बाजूला, पांढरे एका बाजूला, लाल मधे. मी चादरींच्या फाटक्या कडा शिवल्यात, मला माहीत आहे, सुई लागेल तेव्हा ओवतात. आधीच तीस कोण ओवून ठेवतं?

"ह्या कुणी ओवल्या?"

"शेजारच्या आजी सकाळी ओवून देतात."

"आणि तुम्ही का नाही ओवत?"

तिनं सुयांची उशी चाचपून जवळ ओढली. मग मान जरा वळवून माझ्या कानाकडे बघायला लागली आणि म्हणाली, "अशी वळवली की तुम्ही थोड्या दिसता. सरळ बघितलं की मधे नुसता राखाडी डाग. कडेकडेचं राहिलंय, मधलं गेलं. दीड वर्ष झालं."

मी म्हटलं, "आणि तशी सायकल चालवता? डोकं फिरलंय का तुमचं?"

"वीस वर्षं दुकानात सायकलनं येतेय, तो रस्ता पाठ आहे, आणि सवय सुटू नये म्हणून मास्तरकडे येते. पायी यायला लागले तर दोन दिवसांत बाजारभर होईल, बाई सायकल का चालवत नाही? डोळ्यांचं कळलं की शिवायला कापड कोण टाकेल? बोटांना सगळं येतं हो, शिवण एक धागा इकडेतिकडे होत नाही. पण लोकांना डोळेच लागतात."

"म्हणून माझ्यामागे?"

"तुम्ही सरळ चालवता. बेकरीवाले नागमोडी जातात. पण तुमची सायकल काळी, रस्ता काळा. म्हणून न विचारता पट्टी बांधली. नजर जरा बाजूला ठेवली की पांढरं हलताना दिसायचं. तेवढं पुरायचं. आणि तुमची हाक." मग म्हणाली, "त्या दिवशी दोन्ही नव्हतं."

म्हणजे पट्टी मी काढली आणि हाक मी गिळली, हे तिला आधीपासून कळलं होतं. म्हटलं, "मग मास्तरला खरं का नाही सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, समोरचा एवढा मोठा खड्डा तुम्हाला कसा दिसला नाही."

म्हणजे माझ्यासाठी नाहीच. स्वतःसाठी. ऐकून मला बरं वाटलं, का ते विचारू नकोस.

आता सहा आठवडे तिला चिंता नाही. हात गळ्यात आहे म्हटल्यावर पायी का येते, हे कुणी विचारत नाही. हसून म्हणाली, "घडीबाई, हाड मोडून उपकारच केलेत." मी नाही हसले.

खिशातली पट्टी काढून तिच्या हातात दिली. बोटांनी चाचपून म्हणाली, "चार घड्या घातल्यात हिच्या."

तिच्या डोळ्यांचं कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय. तुला सांगितलं, कारण तू तोंड उघडत नाहीस. आईचंसुद्धा उघडलं नाहीस.

थोरली


२९ मार्च, रविवार

धाकटे,

मागच्या पत्राची शेवटची ओळ लिहिली आणि आठ दिवस पेन धरवलं नाही. आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

त्या पिशवीत काय होतं, ते मला माहीत आहे. तू गेलीस त्यानंतर दोन दिवसांतच कळलं. चौदा वर्षांपासून माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी लाँड्रीची भट्टी बिघडली म्हणून दुपारीच घरी आले. आई पलंगाखाली वाकून काहीतरी कोंबत होती. उभं राहता येत नव्हतं तिला, गुडघ्यांवर रांगत गेली होती. मी ओढून काढलं. ओली चादर आणि तिचा गाऊन. पेटी उघडली तर तळाशी धुऊन घडी घातलेल्या सहा चादरी. तुझ्या हातच्या घड्या, एक कोपरा नेहमी बाहेर. पेटीतून तू काही नेत नव्हतीस. स्वच्छ चादर काढायला उघडत होतीस. घाण पिशवीत घालून घरी नेऊन धूत होतीस आणि मी यायच्या आत पलंग कोरडा करून ठेवत होतीस.

आणि मी, दिवसाला चारशे चादरी हाताखालून घालवणारी. मला वास कसा आला नाही? लाँड्रीच्या औषधानं नाक मेलंय, हे एक. दुसरं, मी वास घेतच नव्हते. मी दोरा बघत होते.

मी आईला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "तू दिवसभर तेच करतेस. घरी येऊनपण तेच करायचं? धाकटीला म्हटलं, तिला कळू देऊ नकोस."

तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. तेव्हा तू ह्याच गावात होतीस, वीस मिनिटांवर. चप्पल घातली होती मी. मग वाटलं, जाऊन काय सांगू? कोणत्या तोंडानं? उद्या जाऊ म्हटलं.

हे एवढंच असतं तर आधीच लिहिलं असतं.

त्यानंतर आई एकेचाळीस दिवस होती. चादरी मी धुतल्या. रोज दुपारी ती विचारायची, "धाकटी आली का?" आणि मी सांगायचे, "तिनंच यायचं बंद केलंय. राग धरलाय तिनं." रोज सांगितलं. चुकले असं आईसमोर म्हणायला लागू नये म्हणून. शेवटी शेवटी ती विचारायचीच बंद झाली. सायकलची घंटी कुठे वाजली की मान उचलायची, तेवढंच.

आई गेली तेव्हा तू आलीस, फाटकाशी उभी राहिलीस, आत आली नाहीस. लोक म्हणाले, बघा हिचा राग. मी गप्प बसले.

मी तुला बोलावलंच नव्हतं, हे तिला कळलं नाही. मी कळू दिलं नाही. तुझ्यापर्यंत तिची हाक येत होती, ती मधल्या मधे मी गिळली.

माफ कर असं लिहिणार नाही. तू करशील की नाही, ह्याचाही मला संशयच आहे आणि केलीस तर का केलीस, ह्याचा विचार करत बसेन. माझा स्वभाव काही एका पत्रानं बदलत नाही.

मास्तरलासुद्धा सांगितलं आज सकाळी. हाक मी दिली नव्हती, एवढंच. शिंपीणबाईचं नाही सांगितलं. तो बराच वेळ पंपाशी खेळत बसला. मग म्हणाला, "यायचं असेल तर बुधवारी या. पण आता सगळ्यात मागे राहायचं. मागे कुणी नसेल, तरी ओरडायचं." मी म्हटलं, "मागे कुणी नसताना कशाला?" तर म्हणतो, "सवय लागेपर्यंत." बेकरीवाला माझ्याशी बोलला नाही. पण पाव ठेवला माझ्या कॅरियरवर.

पाच एप्रिलला, रविवारी, मी निघते. तुझं गाव चाळीस किलोमीटर पडतं. मास्तर म्हणतो, गुडघे सांभाळून दोन ठिकाणी थांबलात तर दुपारपर्यंत पोहोचाल. कॅरियरला पांढरी पट्टी बांधलीय. शिंपीणबाईनं एका हातानं शिवून दिली, नवीन, रुंद. म्हणाली, "त्यांना लांबून दिसायला हवी." तू खिडकीतून बघत असशील, असं तिला वाटतंय. मला तसं काही वाटत नाही.

तुझ्या फाटकाशी घंटी दोनदा वाजवीन. उघडावंसं नाही वाटलं तर उघडू नकोस. हाक मारणार नाही, दार ठोठावणार नाही. सायकल तुझ्या भिंतीला टेकवून ठेवीन आणि चालत परत जाईन. त्या दिवशी तू चालतच गेली होतीस.

मागचा ब्रेक ढिलाच होता. घट्ट करून घेतलाय.

थोरली